माझ्याच नावाची थकबाकी

पहिला फोन आला तेव्हा मी हसले होते.

कोथरूडमधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. तीस-बत्तीस माणसं. खाली झेरॉक्सचं दुकान, आणि वर आम्ही परदेशातल्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारे. मी टेस्टिंगला होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून त्यांना दाखवायच्या. नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि सहा महिन्यांनी कायम करणार होते. मोबाइल नुकते दिसायला लागले होते, पण येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. त्यामुळे माझ्यासारखीला कुणाचा फोन आला तर तो ऑफिसच्या लँडलाइनवर. रिसेप्शनवरच्या काकू तो माझ्या टेबलावर जोडून द्यायच्या.

"मॅडम, स्कूटीचे तीन हप्ते थकलेत. कधी भरताय?" पलीकडून एक पुरुष म्हणाला.

"अहो, माझ्याकडे स्कूटीच नाही. मला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही. मी पीएमटीच्या बसने येते."

त्याने माझं नाव घेतलं, आडनावासकट. "तुम्हीच ना?"

"नाव माझंच आहे, पण कर्ज माझं नाही."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आमचं आडनाव पुण्यात शेकड्यांनी सापडतं, आणि पहिलं नाव माझ्या आगेमागे जन्मलेल्या मुलींमध्ये गल्लोगल्ली. शाळेत त्याच नाव-आडनावाच्या आम्ही दोघी होतो. बाई हजेरी घेताना आमच्या वडिलांची नावं मोठ्याने म्हणायच्या. कंपनीत आल्यावर मात्र ओळखपत्रावरून मधलं नाव गळालं. परदेशी ग्राहकांना सोपं जावं म्हणून सगळ्यांचंच गळालं होतं, आणि तेव्हा मला त्यात आधुनिक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन फोन आले. त्या आठवड्याच्या शेवटी रोज चार-पाच यायला लागले. आवाज बदलायचे. एक जण "ताई" म्हणून गोड बोलायचा, एक जण हिंदीत दरडावायचा. मी मधलं नाव सांगायचे, वय सांगायचे, घर कुठे ते मात्र सांगायचे नाही. ते ऐकून घ्यायचे आणि तासाभराने दुसरा कुणी पहिल्यापासून सुरू करायचा. टेबलावरचा फोन वाजला की मी हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत बसायचे. समोरच्या टेबलावरचा वाजला तरी तेच. अकरा आणि चार या त्यांच्या आवडत्या वेळा आहेत असं लक्षात आल्यावर मी त्या वेळेला बाथरूममध्ये जाऊन उभी राहायला लागले.

मग त्यांनी नवीनच काढलं. मी फोन घेतला नाही तर ते रिसेप्शनवर सांगायला लागले, "तुमच्या मॅडमने कर्ज बुडवलंय, त्यांना समजवा." आमच्या ऑफिसला भिंती नव्हत्या, नुसती खांद्याएवढी पार्टिशनं. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. जेवणाच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक प्रोग्रामर हसत म्हणाला, "अगं, भरून टाक की एकदाचं. का माफ होणार आहे तुमचं?"

एकदोघं हसले. त्या "तुमचं"मध्ये मी एकटी नव्हते, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी भाजीतला बटाटा चमच्याने कापत राहिले.

आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा माझे बाबा पंधरा वर्षांचे होते. ते सरकारी कचेरीत कारकून म्हणून निवृत्त झाले. सबंध नोकरीत त्यांनी कुणाकडून उसने पैसे घेतले नाहीत, कचेरीच्या पतपेढीतूनही नाही. आईने एकदा फ्रिजसाठी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेले असतात. त्यांना जागा द्यायची नाही." आमचा फ्रिज चार वर्षं उशिरा आला. अशा माणसाला मी काय सांगणार होते, की रोज पाच वेळा मला कुणीतरी कर्जबुडवी म्हणतं? मी घरी काहीच बोलले नाही.

तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते अमेरिकेत काही वर्षं काढून परतलेले, मृदू बोलणारे गृहस्थ.

"पैशांची काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांग," ते म्हणाले. "पगारातून थोडा ॲडव्हान्स देता येईल."

"सर, ते कर्ज माझं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आहे, नाव तेवढं सारखं आहे."

"असेलही," ते म्हणाले. "पण ते ऑफिसच्या बाहेर ठेव. पुढच्या महिन्यात तुमच्या बॅचचं कन्फर्मेशन आहे, माहीत आहे ना?"

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "असेलही" हा शब्द मी तिथून बाहेर घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत तो डोक्यातून गेला नाही.

त्यानंतर चार दिवसांनी दोघं जण प्रत्यक्षच आले. एकाच्या हातात हेल्मेट, दुसऱ्याच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. हेल्मेटवाल्याने रिसेप्शनच्या काउंटरवर हात आपटून माझं नाव घेतलं.

काकू नारायण पेठेतल्या. पन्नाशी उलटलेली, मुलं मार्गी लागल्यावर नोकरीला लागलेल्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आधी दार लावा. एसीचं बिल आमची कंपनी भरते."

त्याने खरंच दार लावलं.

"आता आवाज. आपण ओरडलात म्हणून कुणाचे हप्ते भरले जात नाहीत. कागद आहे का काही? का नुसताच गळा घेऊन आलात?"

फाइलवाल्याने कागद काढला. तोवर मी तिथे येऊन उभी राहिले होते. मी काउंटरला टेकले. काकूंनी कागद डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचला. मधलं नाव वेगळं. जन्मसाल माझ्या आधी बारा वर्षांचं. पत्ता नारायण पेठेतला, "आमच्याच पेठेतला," असंही त्या म्हणाल्या.

"ही मुलगी तुम्हाला छत्तीस वर्षांची दिसते?" काकूंनी विचारलं.

"मॅडम, सिस्टीममध्ये हाच नंबर आहे."

"तुमच्या सिस्टीममध्ये तो आला कुठून?"

फाइलवाला जरा चाचरला. नंबर कुठल्याशा यादीतून मिळाला होता, एवढंच त्याने सांगितलं. तेव्हा मला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी गृहोपयोगी वस्तूंच्या एका प्रदर्शनात मी मिक्सरच्या सोडतीचं कूपन भरलं होतं, नाव आणि ऑफिसचा फोन लिहून. मिक्सर लागला नव्हता.

मला वाटलं, आता संपलं. पण जाताना फाइलवाल्याने मला जिन्यात थांबवलं. हेल्मेटवाला पुढे उतरून गेला होता.

"तुम्ही ती नाही, हे मला दिसतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मला तुमच्या नंबरसमोर काहीतरी लिहावं लागतं. ती बाई खोली सोडून पळालीय. तुमच्या काकू त्याच पेठेतल्या, त्यांच्या ओळखी असतील, तुम्ही शोधू शकाल. तिचा पत्ता द्या, मी तुमचं नाव काढून टाकतो. नाहीतर फोन येत राहणार. मी नाही केला तर दुसरा करेल."

त्याने चिठ्ठीवर मोबाइल नंबर लिहून दिला. मी ती पर्समध्ये ठेवली. आज हे लिहिताना सांगायला हवं, की त्या क्षणी मला त्याचं म्हणणं अगदी रास्त वाटलं होतं.

काकूंनी ती बाई दोन दिवसांत शोधली. त्यांना मी चिठ्ठीबद्दल बोलले नव्हते. तिला भेटून तिचं तिला निस्तरायला सांगते, एवढंच म्हणाले होते. "तुझी नाववाली डबे द्यायची," काकू म्हणाल्या. "स्पर्धा परीक्षेची पोरं राहतात ना आमच्या इथे, त्यांना. वसुलीवाले चौकात उभं राहून तिच्या नावाने ओरडायला लागले, तेव्हा घरमालकाने खोली खाली करायला लावली. भाजीला अजून मंडईतच येते. माझ्या भाजीवालीला विचारलं. सुतारदऱ्यात राहते म्हणाली, पाण्याच्या टाकीच्या खाली."

रविवारी मैत्रिणीकडे जाते सांगून मी निघाले. सुतारदरा कोथरूडलाच, माझ्या ऑफिसपासून बसने दहा मिनिटांवर. चढ चढताना मी काय बोलायचं ते मनात घोळवत होते. तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल. तुम्हाला लाज वाटत नाही का. नंतर खाली उतरून पीसीओवरून त्या चिठ्ठीतल्या नंबरला फोन. माझं ठरलेलं होतं.

टाकीच्या खाली तिसरं घर. उंबऱ्याबाहेर स्टीलचे डबे धुऊन पालथे घातलेले, सात-आठ असतील. दार अर्धं उघडलं आणि एका बाईने विचारलं, "कोण पाहिजे?"

मी काय सांगणार! मी माझंच नाव घेतलं.

तिने दार धरून ठेवलं. "ती इथे राहत नाही."

"नाही, म्हणजे ते माझं नाव आहे. तुमचे फोन मला येतात. ऑफिसात."

तिने गल्लीत वर-खाली पाहिलं आणि दार उघडलं. "आत या लवकर."

एक खोली. ओट्यावर मोठ्या परातीत कणीक. भिंतीवर आमच्या घरी आहेत तीच दोन चित्रं, तशीच शेजारीशेजारी, आणि खाली बुद्धाची छोटी पांढरी मूर्ती. मी जे घोळवत आले होते त्यातलं पहिलं वाक्य मी म्हटलंही. "तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल."

"मी बुडवलेलं नाही, मॅडम," ती म्हणाली.

तिने ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत पावत्या होत्या, एकावर एक, टाचणी लावलेल्या. महिने मी मोजले. एकही सुटलेला नव्हता. शोरूममध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीचा एक माणूस टेबल टाकून बसायचा. दर महिन्याला ती त्याला रोख नेऊन द्यायची आणि तो पावती फाडायचा. एक दिवस टेबलही नव्हतं आणि माणूसही नव्हता. शोरूमवाल्यांनी हात वर केले. शेवटचे तीन महिने त्याने घेतलेले पैसे वर पोचलेच नव्हते.

"तुम्ही हे त्यांना दाखवलं नाही?"

"दाखवलं. वसुलीवाला म्हणाला, पावती इकडे दे, साहेबाला दाखवतो. मी दिली नाही. मग म्हणाला, गाडी उचलतो." ती कणीक मळायला लागली होती, बोलताना हात थांबत नव्हते. "गाडी बहिणीकडे हडपसरला नेऊन ठेवली. ताडपत्री टाकून. आता डबे बसने नेते. बावीस होते, आठ उरले."

"त्यांच्या ऑफिसात जाऊ या आपण. मी येते बरोबर."

"गेले की आधी गाडी कुठाय विचारतील. नको. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला खुर्ची देतील. मला नाही देणार."

तिने मला चहा केला. मी तो प्यायले. पर्स मांडीवर होती आणि चिठ्ठी तिच्यात. तिला त्याविषयी मी तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही कधी नाही. खाली उतरल्यावर पीसीओ लागला. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. आत कुणी नव्हतं. मग बस आली आणि मी चढले.

सोमवारी अकराला फोन वाजला. फाइलवालाच होता.

"मिळाला का पत्ता?"

"नाही."

"मॅडम, नीट आठवा. मी शब्द दिलाय तुम्हाला."

"नाही मिळाला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

"ठीक आहे. मग आमचा नाइलाज आहे."

गुरुवारी आमच्याकडे परदेशी ग्राहक येणार होते. सकाळपासून सगळे इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते. काचेच्या खोलीत बैठक सुरू झाली आणि अर्ध्या तासाने ते दोघे आले, बरोबर तिसरा एक धिप्पाड माणूस घेऊन. या वेळी काकूंना बोलायला त्यांनी अवसरच दिला नाही. धिप्पाड माणूस थेट आत आला, पार्टिशनांच्या मधल्या वाटेत उभा राहिला आणि माझं नाव घेऊन ओरडला. "कर्ज खाके यहाँ एसी में बैठी है!" मी जागेवरून उठले. आपण का उठलो, कळलं नाही. पण उठले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काचेपलीकडे दोन गोऱ्या माणसांनीही मान वळवली.

मॅनेजर बाहेर आले. त्यांनी वॉचमनला बोलावलं, पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा ते तिघे निघाले. मॅनेजर काचेच्या खोलीत परत गेले. संध्याकाळी टेबलावर पाकीट होतं. माझं कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं होतं. कारण लिहिलं नव्हतं.

मी तशीच सुतारदऱ्याला गेले. रागात गेले, आणि त्या बाईच्या उंबऱ्यावर बसून रडले. तिने सगळं ऐकलं. मग आत जाऊन प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली.

"उद्या जाऊ," ती म्हणाली. "माझी गाडी गेली तर गेली. तुमची नोकरी नको जायला."

शुक्रवारी मी रजा टाकली. काकूंनी सकाळी फोनवर बजावलं होतं, "मूळ पावती हातातून सोडायची नाही. झेरॉक्स द्यायची. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. हाकलतील, तरी बसून राहायचं."

कर्ज देणाऱ्या कंपनीचं ऑफिस काचेचं होतं, आमच्यासारखंच. टाय लावलेल्या तरुण अधिकाऱ्याने खरंच आधी मला खुर्ची दिली. मी दुसरी ओढून तिला बसवलं. त्याने संगणकावर नाव टाकलं.

"तुमच्यापैकी कर्जदार कोण?"

"मी," ती म्हणाली.

"मग या कोण?"

मी नाव सांगितलं. त्याने दोन्हीकडे पाहिलं. आम्ही चेष्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. मी ओळखपत्र पुढे ठेवलं. मग लिहून आणलेला अर्ज आणि पावत्यांच्या झेरॉक्स. तो एकेक कागद उलटत गेला आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलला. पावतीपुस्तकाचा क्रमांक त्यांचाच होता. माणूसही त्यांचाच होता, काम सोडून गेलेला.

"ओरिजिनल ठेवून जा," तो म्हणाला. "आम्ही चौकशी करू."

"ओरिजिनल मिळणार नाहीत."

"मग प्रोसेस करता येणार नाही."

"तसं या अर्जावर लिहून द्या."

"गाडी कुठे आहे?" त्याने अचानक तिच्याकडे वळून विचारलं.

तिचा हात टेबलाखाली माझ्या मनगटावर आला. घट्ट. "माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "हप्ते भरलेत, म्हणून माझ्याकडे आहे."

आम्ही तिथे पावणेतीन तास बसलो. त्याने आम्हाला बाकावर जायला सांगितलं, आम्ही बाकावर बसलो. जेवणाची सुट्टी झाली, ते जेवायला गेले, आम्ही बसून राहिलो. तिने पिशवीतून चपातीची गुंडाळी काढून अर्धी मला दिली. शेवटी वरचा एक साहेब आला. त्याने पावत्या माझ्या हातातच ठेवून पाहिल्या, अर्ज वाचला आणि दोन्ही प्रतींवर शिक्का मारायला सांगितलं.

त्यानंतरही आठवडाभर फोन आले. मी प्रत्येकाला अर्जाचा क्रमांक सांगितला. मग एका सोमवारी अकरा वाजून गेले, बारा वाजले आणि फोन वाजला नाही. महिन्याभराने तिला खातं नियमित झाल्याचं पत्र आलं. मला कुणी पत्र दिलं नाही, माफी तर दूरच. मॅनेजरांना मी शिक्क्याची प्रत दाखवली. "चांगलं झालं," ते म्हणाले, पण पुढे ढकललेले तीन महिने त्यांनी कमी केले नाहीत. जेवणाच्या टेबलावर त्या प्रोग्रामरने एकदा मला त्याच्या डब्यातली भरली वांगी पुढे केली. मी घेतली नाहीत.

तिची स्कूटी हडपसरहून परत आली. ती आमच्या ऑफिसात डबे द्यायला लागली. काकूंनी बारा जणांची नावं लिहून तिला दिली होती, कुणाला न विचारता.

कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी मी ते घरी नेलं. बाबांनी चष्मा लावून तारीख पाहिली. "तीन महिने उशीर का?"

मग मी सगळं सांगितलं. फोन, कूपन, ती माणसं, काचेपलीकडून वळलेल्या माना. चिठ्ठीसुद्धा. संपल्यावर त्यांनी विचारलं, "ऑफिसात तुला कुणी काही बोललं का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला त्रास झाला असता."

"एकोणतीस वर्षं कचेरीत काढली मी," ते म्हणाले. "माझ्या टेबलावरून एकदा फाइल हरवली होती. सव्वा वर्ष सगळे माझ्याकडे चोर म्हणून बघत होते. साहेबाच्याच गाडीत सापडली नंतर. तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात कणकेचा हात तसाच धरून उभी होती. "माहीत आहे," ती म्हणाली. "सांगा पुढे."

त्या संध्याकाळी बाबा बोलत राहिले. आम्ही जेवायला बसलो तरी बोलत होते.